लक्ष्मणराव नावाचं वायफाय

मोहाडी
९ जानेवारी २०२४

अनुपदादा,

खुशाली विचारणार नाही. तू फोन उचलत नाहीस, नंतर तर नंबरच बदललास, म्हणून तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर लिहिते आहे. कोइमतूरला हे पाकीट पोचेल की नाही, देव जाणे. पत्ता इंग्रजीत टाकला आहे, आतलं मराठी तू अजून विसरला नसशील असं धरून चालते.

काम नसतं तर मी लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. काम असं आहे की मागखोलीतला, बाबांच्या हातमागावरचा दिवा आपोआप लागतो. तो बंद कसा करायचा तेवढं सांग.

बाबा गेल्यावर इंटरनेटचा रिचार्ज संपला, तो कोणी भरला नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवरून दिवे लावायचे जे बोर्ड तू घरभर बसवून ठेवले होतेस, ओसरीत, पाण्याच्या मोटारीला, देवघरात, ते सगळे मुके झाले. आम्ही भिंतीवरची बटणं दाबून दिवे लावायला लागलो, जसे सारं गाव लावतं. फक्त मागखोलीतल्या बोर्डावरचा तो बारीक निळा ठिपका लुकलुकत राहायचा. त्या डबीला तू झाकणच लावलं नव्हतंस. मी वाटेनं जाता-येता बघायचे आणि वाटायचं, काहीतरी खराब झालं असेल.

डिसेंबरात गल्लीत फायबर आलं. जोडणाऱ्या पोरानं विचारलं, नाव काय ठेवायचं वायफायचं? मी जुनंच सांगितलं, तू ठेवलेलं, बाबांचं. पासवर्डही जुनाच. टीव्ही आणि मोबाईल पुन्हा जोडत बसायला नको म्हणून. आळस, दुसरं काय! बोर्डांनाही तू हेच नाव शिकवून ठेवलं आहेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नंतर मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की तो ठिपका लुकलुकतो म्हणजे बोर्ड आपलं नेटवर्क शोधत असतो. दादा, दीड वर्ष ते भिंतीवर बसून बाबांचं नाव शोधत होते. आणि मी ते नाव परत घरात आणून लावलं.

त्याच संध्याकाळी दिवा लागला. मी स्वयंपाकघरात होते. "टक" असा आवाज आला आणि बंद खोलीच्या दाराखालून पिवळा उजेड ओसरीत आला. शेजारच्या कुंताबाई विरजण मागायला आल्या होत्या. वाटी त्यांच्या हातातच राहिली. म्हणाल्या, "बाप्पा! लक्ष्मणराव बसले का मागावर?"

वेळ तीच होती. बाबा मागावर चादर टाकून उठायचे ती.

दुसऱ्या दिवशी आईनं एक कप चहा जास्त केला आणि मागखोलीत, बाबा विणताना पाय सोडून बसायचे त्या खड्ड्याच्या काठावर नेऊन ठेवला.

आता तू सांग, हे मी किती दिवस बघायचं? तुझं यंत्र आहे, तूच उतारा दे.

रुचिका


मोहाडी
३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. तुझ्याकडून अपेक्षाही नव्हती, पण टपालवाल्याची सायकल वाजली की बाहेर येते खरी.

दिवा रोज लागतो. कधी अंधार पडायच्या आधी, कधी चांगला काळोख झाल्यावर. वेळ ठरलेली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. मला भीती वाटते, हे सरळच लिहिते. मी सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे अंगठे घेते, बोट मशीनला लागत नसलं तरी लावून घेते, मला यंत्राची भीती नाही. पण संध्याकाळी मागावर तो उजेड पडला की बाबांची अर्धी राहिलेली करवतकाठी साडी चमकते. कोसा रेशीम कसं चमकतं तुला माहीत आहे, अंगात ऊब असल्यासारखं. ताण्याच्या साऱ्या दोऱ्यांची सावली भिंतीवर पडते. खिडकीतून वारा आला की ती सावली हलते, आणि वाटतं, आत्ताच कोणीतरी धोटा टाकून हात मागे घेतला.

सकाळी चहाचा कप मी उचलते. त्यावर साय धरलेली असते. आई कप रिकामा आहे की भरलेला, तेही बघत नाही.

भूपेंद्रकाका म्हणाले शांत करून घेऊ. मी म्हटलं, आधी डोमाला बोलावू. डोमा वायरमन टेस्टर घेऊन आला, डबी बघितली, म्हणाला, "ताई, हे अनुपभाऊचं काम हाय, मले समजत नाई. वायर कापून देऊ का?" तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. बाबा गेल्यापासून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "हात नोको लावू त्याले! कोणीच हात नोको लावू."

डोमा चहा न घेता गेला.

आणखी एक. आई संध्याकाळी ओसरीत फेऱ्या मारते. देवघरापासून गेटकडच्या खांबापर्यंत, पुन्हा परत. विचारलं तर म्हणते गुडघे आखडतात. मला ते गुडघ्यांचं दिसत नाही. ओठात काहीतरी असतं. मधेच थांबते, मागखोलीच्या दाराकडे बघते, पुन्हा चालते. आणि मग दिवा लागतो. मला वाटतं ती बाबांना बोलावते. जेवण निम्म्यावर आलं आहे. माझी आई माझ्या डोळ्यांसमोर मेलेल्या माणसाकडे निघाली आहे, आणि तिकडची वाट दाखवायला तुझा दिवा आहे. म्हणून तो बंद व्हायला हवा. एवढं तरी कर.

तुझा राग मला कळतो. राख सावडायच्या दिवशी तू पोचलास तेव्हा काका गेटवर म्हणाले, "आता कायले आला? खड्डा बुजवाले?" ते त्यांनी बोलायला नको होतं. पण तूही बाबांच्या तोंडावर म्हणाला होतास ना, की हा मागाचा खड्डा बुजवून ऑफिस करू, अंधारात विणून कोणाचं भलं झालं? तू बसवलेला तो दिवा बाबांनी एकदाही लावला नाही. एका शब्दावरून गेटमधून परत गेलास. बॅगही खाली ठेवली नव्हतीस.

रुचिका


मोहाडी
१९ फेब्रुवारी

अनुप,

आज दादा लिहिणार नाही.

शोधून काढलं मी. हातच्या काकणाला आरसा कशाला! राउटरवर बघितलं, कोणकोण जोडलं आहे. त्यातून ओसरीतल्या आणि मागखोलीतल्या बोर्डांचे नंबर सापडले, ते मोबाईलवर टाकले आणि दोन्ही बोर्डांची पानं उघडली. कुलूपही लावलं नव्हतंस. त्यात सेटिंग आहेत, आणि कोणता हुकूम कुठून आला त्याची ओळ खाली सरकत राहते. संध्याकाळी मी मोबाईल घेऊन खड्ड्याच्या काठावर बसले. आई ओसरीत चालत होती. ओसरीतल्या बोर्डाला तू जो पांढरा डोळा बसवला आहेस, माणूस समोरून गेलं की ओळखणारा, त्यानं कळवलं: कोणीतरी समोरून गेलं. ते घरात कोणाला कळवलं नाही. बाहेर कळवलं. इंटरनेटवरच्या, तुझ्या नावाच्या एका पत्त्यावर. थोड्या वेळानं त्याच पत्त्यावरून हुकूम आला आणि माझ्या डोक्यावर टक झालं.

तू आहेस तो.

इतके दिवस मी मेलेल्या बापाला घाबरले. आणि जिवंत भाऊ दूर बसून घरात फिरत होता! आई ओसरीतून गेली की तुला कळतं, मी कामावरून आले की कळतं. पत्राला उत्तर द्यायला तुला हात नाहीत, पण आमच्या भिंतीतलं बटण दाबायला आहेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. तुला आम्ही दुरूनच हवे आहोत, ठिपक्याएवढे.

आणि त्यापायी आई रोज एका मेलेल्याला चहा ठेवते, हे तुला माहीत आहे का? तुझ्या त्या डोळ्याला चहा दिसत नाही.

मी बोर्ड पुसणार आहे. त्याच्या आतला प्रोग्राम, फर्मवेअर म्हणतात तो, नव्यानं कसा भरायचा ते व्हिडिओ बघून शिकले. केबल मागवली आहे. येत्या रविवारी डबी उतरवते, लॅपटॉपला लावते, आणि तुझं सगळं शिकवलेलं एका दमात जातं. मग घर आमचं.

रुचिका


मोहाडी
२६ फेब्रुवारी

दादा,

नाही पुसला.

रविवारी मेन स्विच पाडला, स्टूल लावलं, डबी उतरवली. बोर्ड केवढासा, तळहाताच्या निम्मा. लॅपटॉप खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि केबल लावणार, तर आई समोर येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आई, बाबा नाहीत गं ते. अनुपदादा आहे. तो तिकडून दिवा लावतो. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर कोसळेल.

ती म्हणाली, "मले माहीत हाय."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"तो अनुप हाय म्हणून. पयल्याच दिवशी समजलं. तुये बाबा दिवेलागणीले मागावून उठत. दिव्याच्या उजेडात कोशाचा रंग फसवते, पिवळा का भुरा समजत नाई, म्हणून दिवा लागला का माग झाकाचा. जलमभर तसंच केलं त्याइनं. तो माणूस मेल्यावर कायले संध्याकाळी दिवा लावीन? ज्याले मागाचं काईच समजत नाई तोच मागखोलीत संध्याकाळी दिवा लावते." आणि मग, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, ती हसली. "घरात असं येडं एकच हाय."

मी खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले. वेळ तीच असल्यामुळे मला बाबा वाटले होते, आणि वेळ तीच असल्यामुळे तिला कळलं होतं की ते बाबा नाहीत. विणकराच्या घरात जन्मून मला हे सुचू नये!

मग चहा? मी विचारलं.

"त्याचाच. तुया बाबाले चहा आवडे तरी का?"

खरंच की. बाबा आयुष्यभर ताक पीत आले.

फेऱ्याही तुझ्यासाठीच. तिनं केव्हाच ताडलं होतं की ती खांबापाशी गेली की थोड्या वेळानं दिवा लागतो. म्हणून रोज चालते. तू तिकडे बघावंस म्हणून. मी म्हटलं, आई, तसा नियमही लावून ठेवता येतो बोर्डात, माणूस गेलं की दिवा लाव म्हणून. पलीकडे कोणी नसेलही. हेच मी आदल्या रात्री स्वतःलाही विचारलं होतं. समजा पलीकडे कोणीच नाही. तू केव्हाच सगळं सोडून गेला आहेस, आणि तिकडे एक रिकामं यंत्र आमच्या आईशी बोलतं आहे.

आई म्हणाली, "नाई. कधी लवकर लागते, कधी उशिरा लागते. मशीन उशीर करत नाई. माणूसच उशीर करते."

मी डबी परत बसवली. ती उठताना माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "तो गेटवर आल्ता थ्या दिवशी मी कोपऱ्यात बसून होती. भूपेंद्र बोलला ते आयकू आलं. मी उठली नाई. आता रोज उठून चालून राहिली."

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. मागच्या पत्रातले शब्द मी परत घेत नाही, पण त्यांच्या शेजारी हेही ठेव.

रुचिका


मोहाडी
२२ मार्च

दादा,

दिवा लागत नाही.

सोमवारी अवकाळी आली. आधी वादळ, मग बोरांएवढ्या गारा. तिकडे आंबागडकडे झाडं पडली म्हणे. वीज जायची, यायची, लगेच जायची. पंखा दोन फेरे घ्यायचा आणि थांबायचा, पुन्हा घ्यायचा. असं किती वेळा झालं मोजलं नाही. वादळ शमलं, वीज नीट आली, आणि घरातले सगळे बोर्ड कोरे झाले होते.

वाचून कळलं ते असं. या फर्मवेअरमध्ये सोय असते की वीज लागोपाठ झटपट बंद-चालू झाली तर बोर्ड समजतो, मालकच मला सगळं विसरायला सांगतो आहे. मी जे करायला स्टुलावर चढले होते ते वादळानं करून टाकलं. बाबांचं नाव गेलं, तुझा पत्ताही गेला. तो पत्ता आणि त्याची किल्ली तुझ्यापाशी आहे. माझ्यापाशी नाही. मी त्या वेळी पान उघडून बघत होते तेव्हा लिहून घ्यायचं सुचलं नाही, मी चिडण्यात गुंतले होते.

आईला सांगितलं, वादळानं बिघडलं. तिनं मान हलवली आणि संध्याकाळी चालायला उठली. खांबापर्यंत, देवघरापर्यंत. दार अंधारात. पुन्हा खांबापर्यंत. मी धरून बसवलं तर म्हणते, "उशीर होऊन राहिला असन त्याले." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याले काही झालं का वं?" काल पाय सुजले होते, तरी चालली. बोर्ड मेला आहे हे तिला कळतं, दादा. कळून काय होतं? दिवा लागत नाही म्हणजे तू नाहीस, एवढंच तिच्या जिवाला समजतं.

आणि तुझ्या बाजूला काय झालं असेल, ते माझ्या आज लक्षात आलं. तुझ्या पडद्यावर आम्ही सगळे एकदम गप्प झालो असू. आई ओसरीतून जायची थांबली असेल.

हे पत्र पोचायला आठवडा लागेल. फोन कर. तिला एकदा आवाज ऐकव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

रुचिका


मोहाडी
१ एप्रिल

दादा,

काल दुपारी आईच्या मोबाईलवर फोन आला. नंबर अनोळखी होता. तिनं उचलला, हॅलो म्हणाली, तिकडून कोणी बोललं नाही. मी म्हटलं ठेव, कंपनीवाले असतील. तिनं ठेवला नाही. कानाला लावून बसून राहिली. तिकडे पंखा चालल्याचा आवाज येत होता, मलाही ऐकू आला.

मग आई म्हणाली, "मी चालून राहिली रे. रोज चालून राहिली. दिवाच बिघडला."

पंख्याचा आवाज तसाच होता. त्यात एकदा नाक ओढल्यासारखं झालं. फोन बंद झाला.

आईनं पदरानं मोबाईल पुसला, उशीखाली ठेवला, आणि संध्याकाळी पोटभर जेवली. फेऱ्या मारल्या नाहीत. मी त्या नंबरवर फोन करू म्हटलं तर म्हणाली नको. "त्याले सांगजो, दुरून नोको लावू म्हणा. मी का रस्त्यावरचा खांब हाय, दुरून दिवा लावाले?"

म्हणून हे शेवटचं कामाचं लिहिते, आणि या वेळी नीट वाच.

तीन बोर्ड मी स्वतः कॉन्फिगर केले. मोटारीचा पहिल्यांदा उलटा झाला, बंद म्हटलं की चालू व्हायचा, टाकी वाहून कुंताबाईंच्या अंगणात पाणी गेलं आणि त्यांनी आपल्या खानदानाचा उद्धार केला. आता व्यवस्थित आहे. नेटवर्कचं नाव बाबांचंच ठेवलं आहे. बाहेरचा पत्ता कोणत्याच बोर्डात टाकला नाही. ओसरीतला डोळा आता फक्त ओसरीतला दिवा लावतो. आई समोरून चालत गेली की आईलाच उजेड होतो.

मागखोलीतला मी तसाच कोरा ठेवला आहे.

तुला माहीत आहे, कोरा बोर्ड काय करतो. कोणाचं नाव शोधत नाही. स्वतःच एक लहानसं नेटवर्क सोडून बसतो, कोणीतरी येऊन आपल्याला जोडावं म्हणून. त्याला पासवर्ड नसतो. मी मोबाईल घेऊन बघितलं कुठवर पोचतं ते. खोलीत पूर्ण आहे. ओसरीत चांगलं. अंगणात एक रेघ. गेटपाशी नाव दिसतं, पण जोडू गेलं की तुटतं. तू त्या दिवशी जिथे उभा होतास ना, तिथून जमत नाही. मी तिथेच उभी राहून बघितलं.

आत यावं लागेल.

काकांना मी सांगितलं आहे, गेटवर कोणी काही बोलायचं नाही. ते म्हणाले, "मीच बॅग उचलतो त्याची." खड्डा बुजवायचा की साडी पुरी करायला कोणाला बसवायचं, ते बसून ठरवू. भांडायचं असेल तर भांडू, पण घरात.

आणि येशील तेव्हा दिवसाउजेडी ये. आई म्हणते, दिवेलागणीच्या आत त्याले माग दाखवाचा हाय, मग झाकून टाकू, मग लाव म्हणा त्याले दिवा आपल्या हातानं. चहा ती आता खड्ड्याच्या काठावर ठेवत नाही. कप धुऊन फडताळात पालथा घातला आहे.

रुचिका